ऑनलाइन परीक्षेतली कॉपी: आधी प्रश्नपत्रिका पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षांचा हंगाम आला की भरारी पथके, बैठी पथके आणि केंद्रांवरचे कॅमेरे यांची चर्चा सुरू होते. तिच्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: 'ऑनलाइन आले आणि कॉपी बोकाळली.' हे अर्धेच खरे आहे. चिठ्ठी, खिडकीतून आलेला कागद, झेरॉक्सवाल्याकडून बारीक करून आणलेले गाइडचे पान ही सगळी ऑनलाइनच्या कितीतरी आधीची मंडळी. राज्य मंडळ दहावी-बारावीची प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी 10 मिनिटे आधी हातात देत असे. तिचे फोटो मोबाइलवरून बाहेर फिरू लागल्याने 2023 मध्ये ही सोय बंद झाली आणि तेवढी 10 मिनिटे पेपरच्या शेवटी वाढवून मिळाली. म्हणजे बाकावर बसून दिलेल्या पेपरलाही व्हॉट्सअ‍ॅपने गाठलेच होते.

खरा फरक वेगळा आहे. वर्गातल्या कॉपीला कोणाची तरी साथ लागते: मागच्या बाकाची, खिडकीबाहेरच्या नातेवाइकाची, कधी पर्यवेक्षकाच्या कानाडोळ्याची. घरून दिलेल्या परीक्षेत साथीदार लागत नाही, दुसरा मोबाइल पुरतो. म्हणून दोन्हीकडे एकच औषध चालत नाही.

2020 च्या ऑक्टोबरात पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा राज्यभर घाईने मुख्यतः ऑनलाइन झाल्या, तेव्हा काही ठिकाणी उपाय म्हणून कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली गेली. ही यंत्रणा कशी चालते ते पाहावे. वेबकॅम ठरावीक अंतराने फोटो काढतो, चेहरा चौकटीबाहेर गेला की नोंद होते, पडद्यावर परीक्षेखेरीज दुसरी विंडो उघडली तरी होते. लॅपटॉपच्या पडद्याखाली टेकवून ठेवलेला मोबाइल त्याला दिसत नाही. दुसऱ्या खोलीतून कोणी तोच पडदा पाहत असेल तर तेही पुष्कळदा कळत नाही. उलट वीज गेली, रेंज तुटली, एकाच खोलीच्या घरात आई मागून गेली किंवा मुलीच्या तोंडावर पुरेसा उजेड नसला, तर संशयाची खूण तिच्या नावावर लागते. गावाकडच्या आणि चाळीतल्या मुलांना याचा जाच जास्त होतो, आणि हा अन्याय आहे. अशी खूण म्हणजे पुरावा नव्हे. माणसाने बसून चित्रण पाहिल्याशिवाय कोणावरही कारवाई होता कामा नये, आणि तेवढी माणसे नसतील तर ती यंत्रणा विकत घेऊच नये.

ऑनलाइन परीक्षेची एक बाजू मात्र आपण वापरतच नाही. ती माग ठेवते. कोणत्या प्रश्नाला किती सेकंद लागले, उत्तर किती वेळा बदलले, हे सगळे नोंदलेले असते. 50 प्रश्न 7 मिनिटांत सोडवून 48 बरोबर आले, तर त्या विद्यार्थ्याला बोलावून त्यातलेच पाच प्रश्न समोर विचारावेत. दोघांची बरोबर उत्तरे जुळली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, चुकलेली उत्तरे जुळतात का ते पाहावे. चार पर्यायांच्या प्रश्नात दोघेही चुकले, तर तीन चुकीच्या पर्यायांपैकी दोघांनी एकच निवडण्याची शक्यता साधारण तीनात एक. असे 10 प्रश्न दोघांचे चुकले आणि दहाही ठिकाणी चुकीचा पर्याय एकच निघाला, तर योगायोगाने असे होण्याची शक्यता 59,049 मध्ये एक. प्रत्यक्षात एखादा चुकीचा पर्याय सगळ्यांनाच फसवतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा धरू नये. पण कोणाची तोंडी तपासणी घ्यायची हे ठरवायला तो पुरेसा आहे. वर्गातल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून ही जुळणी हाताने शोधणे जवळपास अशक्य.

प्रश्नांचा क्रम उलटसुलट केला की कॉपी थांबते, हा समजही सोडून द्यावा. ग्रुपवर प्रश्नाचा क्रमांक कोणी पाठवत नाही, प्रश्नाचा फोटो पाठवतात. त्याऐवजी 30 मुद्दे घ्या आणि प्रत्येक मुद्द्यावर सारख्या काठिण्याचे पाच प्रश्न काढा. 150 प्रश्नांच्या या पेढीतून प्रत्येकाला प्रत्येक मुद्द्याचा एक प्रश्न आपोआप मिळाला, तर कोणत्याही दोघांच्या पेपरात सरासरी 6 च प्रश्न समान येतात. मूडल या मोफत प्रणालीत ही सोय आहे, आणि गणिती प्रश्नात प्रत्येकाला वेगळे आकडे देण्याचीही. पेढी तयार करणे एकट्या शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. एका जिल्ह्यातल्या पाच महाविद्यालयांनी प्रत्येकी 30 प्रश्न काढले तर एका सत्रात ती उभी राहते.

घरी लिहून आणायच्या कामात तर प्रश्नच बदलावा लागेल. अर्थशास्त्राच्या गृहपाठात 'मागणी व पुरवठा यांचा किमतीवरील परिणाम स्पष्ट करा' असे विचारले की 60 मुलांकडून एकच उत्तर येणार, पूर्वी गाइडमधून, आता चॅटजीपीटीतून. त्याऐवजी कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे रोजचे बाजारभाव घ्यावेत. एकाला लासलगावचा कांदा, दुसऱ्याला सोलापूरचा, तिसऱ्याला पिंपळगाव बसवंतचा, आणि प्रत्येकाला वेगळा आठवडा. सहा दिवसांची आवक आणि सर्वसाधारण भाव यांचा तक्ता करायचा, आवक वाढूनही भाव चढला असा दिवस शोधायचा आणि त्याचे कारण चार ओळींत लिहायचे. शेजाऱ्याचा तक्ता इथे उपयोगी पडत नाही. यंत्राने कारण लिहून दिले तरी ते त्या आकड्यांशी जुळते का, हे मुलाला पाहावेच लागते.

यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कोणाचे गुण कापू नयेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपले असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतले.

मग उरते ती तोंडी परीक्षा, आणि तिला वेळ नाही ही नेहमीची तक्रार. हिशेब करू. 60 जणांच्या तुकडीत प्रत्येकाला 4 मिनिटे दिली तर 4 तास लागतात. तेवढे नसतील तर चिठ्ठ्या टाकून 12 जण निवडावेत, 5 मिनिटांप्रमाणे एका तासात काम होते. कोणाचे नाव निघेल हे आधी कळत नसल्याने तयारी सगळ्यांनाच करावी लागते. प्रश्न दोनच: 'हा आकडा इथे का घेतलास?' आणि 'ही अट बदलली तर उत्तर कुठे बदलेल?' ज्याने स्वतः केले आहे तो अडखळत का होईना, पण सांगतो. ज्याने उतरवले आहे तो आपल्याच कागदात शोधू लागतो.

गुणांची विभागणीही महत्त्वाची आहे. एनपीटीईएल हा आयआयटींचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम. 'स्वयं' या केंद्र सरकारच्या पोर्टलवरील त्याच्या 12 आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत साधारणपणे 12 स्वाध्याय असतात, त्यांतले चांगले 8 धरून 25 गुण, आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला 75. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. स्वाध्यायाची उत्तरे यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर सर्रास मिळतात. ती उतरवून कोणी 25 पैकी 25 मिळवले तरी केंद्रावर 18 वर अडकला की तो नापासच. आपल्या महाविद्यालयांत मात्र अंतर्गत गुण सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवलेल्या जर्नलवर सरसकट वाटले जातात, आणि जिथे अंतर्गत व लेखी मिळून उत्तीर्ण धरतात तिथे तेच गुण लेखीतली पडती बाजू सावरून नेतात. ही फसवणूक पूर्णपणे ऑफलाइन आहे आणि तिच्यात शिक्षकही सामील आहेत, हे आम्हा शिक्षकांना मान्य करावे लागेल.

विद्यापीठांना दोन विनंत्या आहेत. अंतर्गत आणि लेखी दोन्हींत स्वतंत्र उत्तीर्णता ठेवावी, आणि तोंडी तपासणीचा एक तास शिक्षकाच्या आठवड्याच्या कार्यभारात धरण्याचे परिपत्रक सत्र सुरू होण्याआधी काढावे. सत्र अर्धे सरल्यावर आलेले परिपत्रक पुढच्या वर्षापर्यंत फाइलमध्येच राहते.

आपला विश्वासू,
परीक्षेचे काम पाहणारा एक प्राध्यापक