‘बरोबर कोण आहे?’ : दळणवळण मंत्र्यांना एका अंध ठेवीदाराचं खुलं पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात मुदत ठेव ठेवायला गेलो होतो. कुठे ते लिहीत नाही. टपाल कचेरी नव्हती, एवढं आपल्या समाधानासाठी सांगतो. सोबत भाची होती. खिडकीमागच्या गृहस्थांनी तिला विचारलं, “यांना सही येते का?” मी सारी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली, दर महिन्याला सही करून पगार घेतला. पण प्रश्न मला नव्हताच, तेव्हा उत्तर तरी कसं देणार? दुसऱ्या खेपेला मुद्दाम एकटा गेलो. तर, “बरोबर कोण आहे?”

घरी येताना रिक्षात हेन्री फॉसेट आठवले. आपल्यासारखेच टपाल खात्याचे मंत्री, फक्त विलायतेतले. आणि माझ्यासारखेच पूर्ण आंधळे.

हे गृहस्थ जन्मांध नव्हते. 1833 साली सॉल्सबरीत जन्मले, केंब्रिजला शिकले. 1858 च्या सप्टेंबरात वडिलांबरोबर शिकारीला गेले असताना वडिलांच्याच बंदुकीचे छर्रे दोन्ही डोळ्यांत घुसले. वय पंचवीस. त्या बापाचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुलाने मात्र आपलं ठरलेलं आयुष्य बदलायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. घोड्यावर बसणं, मासे पकडणं, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग, काही सोडलं नाही. पाच वर्षांत, 1863 साली, ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1865 मध्ये ब्रायटनहून पार्लमेंटात निवडून आले.

तिथे त्यांनी जे केलं, त्याचं आपल्याकडे आज कुणाला फारसं स्मरण नाही. हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चर्चा निघाली की सभागृह रिकामं व्हायचं. सभासदांना जेवणाची वेळ आठवायची. फॉसेट बसून राहायचे. 1867 साली लंडनमध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी थाटाचा नाच-समारंभ झाला आणि त्याचं बिल हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकलं गेलं. पाहुणा त्यांचा, मेजवानी त्यांची, पैसे आपल्या शेतकऱ्याचे! फॉसेटनी यावर आवाज उठवला. त्याच सुमाराच्या ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) लष्करी मोहिमेचा खर्च आपल्या गळ्यात मारला, तेव्हाही. 1868 मध्ये त्यांनी ठराव आणला की सनदी नोकरीच्या परीक्षा लंडनइतक्याच कलकत्ता, मुंबई आणि मद्रासलाही घ्याव्यात. तो मार्गी लागला नाही, पण ही मागणी नंतर दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर लावून धरली. लोक फॉसेटना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणू लागले. 1874 साली ब्रायटनची जागा गेली, तेव्हा पुढच्या निवडणुकीच्या खर्चासाठी इथून वर्गणी गेली. ते लंडनमधल्या हॅकनी मतदारसंघातून पार्लमेंटात परत आले.

आता जरा थांबून बघा. जमाखर्चाचे ते जाडजूड अहवाल दुसऱ्याने वाचून दाखवायचे, यांनी ऐकायचे, आकडे डोक्यात ठेवायचे आणि हातात टिपणाचा कागद न घेता उभं राहून सरकारला धारेवर धरायचं. वाचून दाखवण्याचं काम बऱ्याच अंशी पत्नी मिलिसेंट करायच्या. त्याच पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या मोठ्या नेत्या झाल्या, तेव्हा कोण कुणाच्या बरोबर होतं हे सांगणं कठीण. मी टेलिफोनच्या बोर्डावर बसायचो तेव्हा तीन-चारशे एक्स्टेन्शन नंबर पाठ होते. लोक कौतुक करायचे आणि मला ओशाळल्यासारखं व्हायचं. लक्षात ठेवावंच लागतं हो, त्यात काय एवढं.

1880 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टननी त्यांना पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपाल खात्याचे मंत्री केलं. मुख्य मंत्रिमंडळात मात्र घेतलं नाही. गोपनीय कागद परक्या डोळ्यांनी वाचावे लागतील, अशी अडचण होती म्हणतात. (म्हणजे ‘बरोबर कोण आहे?’ हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही.) पण खातं त्यांनी चालवलं, आणि गरिबाकडे बघून चालवलं. टपाल बचत बँकेत निदान एक शिलिंग भरावा लागे. मजुराकडे एकरकमी शिलिंग कुठला? म्हणून त्यांनी एक छापील कागद काढला. पेनीचं एकेक तिकीट विकत घ्यायचं, त्यावर चिकटवायचं, बारा झाली की शिलिंग जमा. 1883 च्या ऑगस्टात पार्सल टपाल सुरू केलं. खात्यात बायकांना जास्त नोकऱ्या दिल्या. खाजगी टेलिफोन कंपन्यांवरची बंधनं सैल केली. म्हणजे माझ्या भाकरीशीही त्यांचा दूरचा का होईना संबंध आहे. 1884 च्या नोव्हेंबरात, मंत्रिपदावर असतानाच ते गेले. वय अवघं एक्कावन्न.

त्यांच्याच कारकिर्दीत, 1882 मध्ये, आपल्याकडे टपाल बचत बँक सुरू झाली. माझ्या आईचं पहिलं पासबुक टपालाचंच होतं. ब्रेल पुस्तकांचं पाकीट आपलं खातं आजही बिनहशिलाचं पोचवतं. आमचे पोस्टमन ते दारात ठेवून जात नाहीत, हाक मारून माझ्या हातात देतात. म्हणूनच हे पत्र दुसऱ्या कुणाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

फॉसेटांचा पुतळा नको, त्यांच्या नावाचं तिकीटही नको. प्रत्येक खिडकीवर एका ओळीची सूचना हवी : समोर अंध खातेदार असेल तर त्याच्याशीच बोला, आणि डोळस माणसाकडे मागत नसाल तो साक्षीदार त्याच्याकडे मागू नका. फॉर्म भरायला मदत लागली तर आम्ही मागू. मागायला लाज नाही. व्यवहार झाल्यावर शिल्लक किती ते तोंडी सांगा, हळू आवाजात, कारण मागे रांग असते. यंत्र, निधी, समिती काही लागत नाही. एक परिपत्रक पुरे.

उत्तर धाडणार असाल तर ई-मेलने धाडावं. फोन मला वाचून दाखवतो. कागदावर पाठवलंत तरी चालेल, भाची रविवारी येते. पण पाकिटावर नाव माझं घाला.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
सातारा