शेवटच्या अकरा पानांसाठी

प्रिय काका,

तुमचं पाकीट मिळून आठवडा झाला. नुसतं ‘धन्यवाद’ कळवून मोकळं व्हायला मन तयार होईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्याने मला ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ ही जुनी स्टार वॉर्स कादंबरी विकली, त्याने शेवटची पानं गायब असल्याचं सांगितलं नाही. तीनदा विचारलं, उत्तर नाही. ज्या स्टार वॉर्सवेड्यांना आपलं मानत होतो, ते म्हणाले, “२०१४ मध्येच या जुन्या कादंबऱ्या अधिकृत कथेतून बाद झाल्या. कशाला वाचतोस?” तुम्ही मात्र अकराच्या अकरा पानं हाताने उतरवून पाठवलीत.

नायिका लेआ लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, उचलून खलनायक व्हेडरसमोर उभी राहते, तिथे तुमची निळी शाई फिकी होत गेलीय आणि पुढचा शब्द काळ्या शाईत आहे. समासात बारीक अक्षरात लिहिलंय, “पेन संपलं. थांब, दुसरं आणतो.” काका, ते ‘थांब’ वाचून डोळे भरून आले. पानं उतरवतानाही समोर मी बसलोय असंच तुम्ही धरून चालला होतात.

पुस्तक आवडलं का, असं तुम्ही विचारलंत. खरं सांगतो, निम्मं आवडलं. नायक ल्यूक लेआकडे ज्या ओढीने बघतो, ते वाचवत नाही. १९७८ मध्ये अ‍ॅलन डीन फॉस्टरना तरी कुठे माहीत होतं, की १९८३ च्या चित्रपटात ही दोघं जुळी भावंडं निघणार! पहिल्या चित्रपटातल्या हॅन सोलोची उणीव पानोपानी जाणवते. ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा पुढचा करारच झालेला नव्हता, म्हणून तो नाही. पहिला चित्रपट पडलाच, तर याच गोष्टीवर कमी खर्चात दुसरा काढायचा बेत होता. मिंबन या ग्रहावरचं ते दाट धुकंही खर्च वाचवायलाच, आणि मधली कितीतरी पानं त्या धुक्यातच चाचपडतात. पण लेआ! तिच्या हातात लाइटसेबर देणाऱ्या लेखकाला मी बाकी सगळं माफ केलं. आणि नेमकी तीच पानं माझ्याकडे नव्हती.

अनोळखी माणसासाठी इतकं करणारी माणसं अजून आहेत, याचाच आनंद पुस्तकाहून मोठा आहे.

तुमची पानं मी चिकटवली नाहीत, घडी घालून आत ठेवलीत. पुस्तक आता नीट मिटत नाही. तसंच राहू देणार आहे.

तुमचा,
एक वाचक