जड अ‍ॅम्प्लिफायर भंगारात काढण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाद्यवृंदासाठी ध्वनिसाहित्य कसे निवडावे, याविषयी आलेला लेख मी येथे अटलांटात दोनदा वाचला. खर्जाचे स्वर देणारी बेस गिटार नव्याने हाती घेणाऱ्यांना त्यातून पुष्कळ उपयोगी माहिती मिळेल. मात्र बेससाठीचे जुने, स्वस्त आणि जड अ‍ॅम्प्लिफायर आता भंगारात काढावेत, अशा अर्थाचे एक विधान त्यात ओघात येऊन गेले असून उदाहरण म्हणून अमेरिकेतील पीव्ही कंपनीचे नाव घेतले गेले आहे. ते मला मान्य करता येत नाही. मी पोटापाण्यासाठी वाजवणारा वादक नाही. पण पुण्यात महाविद्यालयात असताना हाती आलेली बेस गिटार गेल्या चाळीस वर्षांत सुटलेली नाही आणि त्यांतली निम्मी वर्षे मी याच कंपनीच्या एका जाडजूड पेटीतून वाजवत आलो आहे. त्या अनुभवावरून आणि इथल्या अनेक बेसवादकांशी झालेल्या बोलण्यावरून हे लिहीत आहे.

प्रथम वजनाविषयी. चार तारांच्या बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर साधारण 41 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 41 आवर्तनांचा असतो. पाच तारांच्या बेसवर तो 31 हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. इतक्या खालच्या खर्जाला माणसाचा कान मंद असतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवले होते. त्यामुळे गायकाच्या आवाजाला जेवढी शक्ती पुरते, तिच्या कितीतरी पट शक्ती बेसला लागते; शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे ऐकणाऱ्याला तो थोडासाच मोठा वाटतो. ही शक्ती पुरवण्यासाठी जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लोखंडी गाभ्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. भिंतीतून येणारी वीज सेकंदाला पन्नास किंवा साठ आवर्तनांची असते आणि आवर्तने इतकी कमी असताना एवढी शक्ती पुढे न्यायची तर लोखंड आणि तांबे भरपूरच लागते. त्यात पंधरा इंची स्पीकर, त्यामागचे फेराइटचे जाड लोहचुंबक आणि आवाजाने थरथरू नये म्हणून जाड फळ्यांची पेटी यांची भर पडते. महागड्या अ‍ॅम्प्लिफायरचीही त्या काळी यातून सुटका नव्हती. 1969 मध्ये आलेला अँपेग कंपनीचा 300 वॅटचा एसव्हीटी बेसवादकांच्या जगात आजही आदराने उल्लेखला जातो. त्याचे व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे नुसते हेडच, म्हणजे स्पीकरशिवायचा अ‍ॅम्प्लिफायर, चाळीस किलोंच्या आसपास भरते आणि आठ स्पीकरची भलीमोठी पेटी त्याखेरीज वेगळी. त्याच्या वजनाबद्दल मात्र कोणी त्याला भंगार म्हणत नाही.

पीव्ही कंपनी मिसिसिपी राज्यातील मेरिडियन या गावची. अटलांटाहून साधारण 300 मैलांवर, बर्मिंगहॅम मागे टाकून पुढे गेले की हे गाव लागते. हार्टली पीव्ही यांच्या वडिलांचे तिथे वाद्यांचे दुकान होते. हार्टली यांनी शाळकरी वयात, 1957 मध्ये, आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि शिक्षण संपताच 1965 मध्ये कंपनी काढली. रोज रात्री वाजवून घर चालवणाऱ्या वादकाला परवडेल असे आणि मध्येच दगा न देणारे साहित्य बनवायचे, हा आपला हेतू त्यांनी वारंवार बोलून दाखवला आहे, आणि किंमत कमी ठेवण्याचे त्यांचे उपाय पाहिले की तो खरा वाटतो. स्पीकर, सर्किट बोर्ड, लाकडी पेट्या यांपैकी शक्य तेवढे ते स्वतःच्याच कारखान्यांत बनवत. 1978 मध्ये त्यांनी टी-40 ही बेस गिटार आणली, तेव्हा तिचे लाकूड संगणक-नियंत्रित यंत्रावर कोरले होते. गिटार बनवण्याच्या धंद्यात ही रीत तोवर रुळलेली नव्हती. पुढे काळाच्या ओघात त्यांच्या उत्पादनाचा मोठा भाग चीनमध्ये गेला. मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते अ‍ॅम्प्लिफायर त्यापूर्वीचे, मेरिडियनमध्ये बनलेले: टीएनटी, टीकेओ, कॉम्बो 300, मार्क मालिकेतील हेड.

या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल बेसवादकांचे मत एकसारखे नाही आणि ते तसे आहे असे भासवणे बरोबर होणार नाही. सर्वांत सार्वत्रिक मत टिकाऊपणाचे आहे. तीस-तीस वर्षे मालमोटारीत आपटत, तळघरातील ओलाव्यात पडून, अनेक हातांतून फिरलेला अ‍ॅम्प्लिफायर बटण दाबताच चालू होतो, हे सांगणारे वादक मला जॉर्जिया, अलाबामा आणि टेनेसी या तिन्ही राज्यांत भेटले आहेत. इथली चर्चे आणि शाळांचे वाद्यवृंद पीव्हीच्या पेट्यांनी भरलेले असतात, ते याच कारणाने. स्वराविषयी मात्र मतभेद आहेत. काहींना त्यांचा आवाज कोरडा वाटतो; ट्यूबवाल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तार जोरात छेडली की स्वराला जी किंचित खरखर आणि ऊब येते, ती इथे मिळत नाही, अशी त्यांची तक्रार असते. ती खरी आहे. ट्रान्झिस्टरवर चालणारा हा अ‍ॅम्प्लिफायर जे येते ते जवळजवळ तसेच मोठे करून देतो. माझ्यासारख्याला, ज्याला एकाच कार्यक्रमात एखादी लावणी, मग जुने हिंदी गाणे आणि त्यानंतर आरती वाजवायची असते, हा स्वच्छपणा सोयीचा वाटतो. खर्ज घट्ट राहतो आणि ढोलकीच्या धुमेवर चढत नाही. ज्यांना रॉक वाजवायचे आहे त्यांनी हा आवाज आधी ऐकून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.

तिसरे मत प्रतिष्ठेचे आहे आणि मला त्याचे वाईट वाटते. शिकाऊ मुलांचा, चर्चच्या तळघरातला अ‍ॅम्प्लिफायर अशी या नावाची ओळख झाल्यामुळे अनेक तरुण वादक तो मंचावर न्यायला संकोचतात. या संकोचामुळेच जुन्या पीव्हीची किंमत इतकी उतरलेली असते की विद्यार्थीदशेतील वादकालाही तो घेता येतो. माझा पंधरा इंची टीएनटी मी अटलांटाजवळच्या एका चर्चकडून 120 डॉलरला घेतला. त्या पैशांत त्या वेळी नवा, त्याच ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर मिळणे शक्यच नव्हते. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात पहिल्यांदा त्यातून वाजवले, तेव्हा सभागृहाच्या मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या आईने घरी आल्यावर सांगितले की आज तुझे वाजवणे छातीत जाणवले. बेसवादकाला याहून वेगळी पावती नको असते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा दुरुस्तीचा आहे. या अ‍ॅम्प्लिफायरचे झाकण उघडले तर आतले भाग सुटे, मोठे आणि डोळ्यांना ओळखता येण्यासारखे दिसतात. एखादा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, वाळला, ट्रान्झिस्टर जळला, तर तेवढाच भाग बदलता येतो. त्यांच्या ब्लॅक विडो स्पीकरची रचना तर याच विचाराने केलेली होती: लोहचुंबकाचा भाग स्क्रूने जोडलेला असल्याने, कॉइल, म्हणजे स्पीकरमधील तारेचे वेटोळे, जळली की कोन (आवाज देणारा पडदा) आणि कॉइलसह पुढची चौकट काढून नवी बसवायची आणि जडशीळ लोहचुंबक तोच ठेवायचा. हे काम वादक घरीही करू शकतो. स्पीकर जळू नये म्हणूनही त्यांनी डीडीटी नावाची एक योजना अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दिली होती. शक्तीची मर्यादा ओलांडून आवाज फाटण्याच्या बेतात आला की ती आपोआप त्याला आवरते. नवख्या वादकाच्या हातून बटण शेवटपर्यंत फिरले तरी स्पीकर वाचण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ वाढते.

जुना अ‍ॅम्प्लिफायर, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, मध्येच आवाज गिळू लागला म्हणून कोणी टाकून देणार असेल, तर त्याने आधी एक साधी गोष्ट करून पाहावी. मागच्या बाजूला प्रीअँप आउट आणि पॉवर अँप इन अशी दोन भोके असतील, तर त्यांमध्ये एक छोटी केबल जोडावी. या जॅकच्या आतील पट्ट्यांवर वर्षानुवर्षांची गंज चढते आणि आवाज तिथेच अडतो. केबल जोडल्यावर तो सुरळीत झाला, तर दुखणे कळले आणि ते किरकोळ आहे. बटणे फिरवताना येणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने बहुतेक वेळा जाते. आतील भागाला मात्र जाणकारानेच हात लावावा, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही धोकादायक भार उरतो. दोन पिनांची जुनी वायर असेल, तर अर्थिंगसह तीन पिनांची बसवून घेतल्याखेरीज तो अ‍ॅम्प्लिफायर वापरूच नये.

हलक्या अ‍ॅम्प्लिफायरचे गुण मी नाकारत नाही. क्लास डी पद्धतीचा, सेकंदाला हजारो आवर्तनांच्या वेगाने वीज हाताळणारा अ‍ॅम्प्लिफायर लहानशा ट्रान्सफॉर्मरवर पाचशे वॅट देतो आणि तीन किलोंच्या आत बसतो. निओडिमियमच्या लोहचुंबकामुळे स्पीकरही निम्म्याने हलके झाले आहेत. टीएनटीसारखी पेटी तीस-पस्तीस किलोंच्या घरात जाते. ती एकट्याने जिना चढवून नेणे साठीच्या माणसाला जमणारे नाही, आणि तरुणानेही तसे करू नये. मी माझ्या पेटीला खाली चाके बसवून घेतली आहेत आणि जिथे लिफ्ट नसेल तिथे दुसऱ्या माणसाखेरीज जात नाही. माझ्या परिचयातील दोन ज्येष्ठ वादकांनी पाठीच्या दुखण्यामुळे हलका अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि त्यांचा निर्णय योग्यच आहे.

पण हलकेपणाची किंमत कुठे मोजावी लागते, तेही वाचकांना कळायला हवे होते. काही वर्षांपूर्वी मीही एक हलका अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. कंपनीचे नाव घेत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला तो बंद पडला आणि दुरुस्तीला नेल्यावर कळले की अतिसूक्ष्म भागांनी भरलेला संपूर्ण बोर्डच बदलावा लागेल, आणि तो बोर्ड आता मिळत नाही. वॉरंटी संपून जेमतेम वर्ष झाले होते. तो अ‍ॅम्प्लिफायर मला खरोखरच टाकून द्यावा लागला. त्याच्या दुप्पट-तिप्पट वयाचा टीएनटी माझ्या दिवाणखान्यात आजही चालू आहे. एका उदाहरणावरून सगळ्या हलक्या अ‍ॅम्प्लिफायरना दोष देणार नाही. परंतु भंगारात कोण आधी जाते, हे वजनावरून ठरत नाही एवढे तरी यावरून म्हणता येईल.

आता महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने सर्वांत निकडीची गोष्ट, जी लेखात अजिबात आलेली नाही. अमेरिकेत स्वस्तात मिळतो म्हणून जुना पीव्ही भारतात पाठवावा का, असे मला पुण्याहून आणि कोल्हापुरातून अनेकदा विचारले जाते. इथली वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची आहे. भारतातील 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. अमेरिकेतला अ‍ॅम्प्लिफायर भारतात थेट लावला, तर तो त्याच क्षणी जळण्याची भीती असते. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी करता येतात, पण आवर्तने पन्नासच राहतात. आणि ज्याचा आतील ट्रान्सफॉर्मर केवळ साठ आवर्तनांसाठी आखलेला आहे, त्याच्या गाभ्यावर त्यामुळे अधिक ताण येऊन तो जास्त तापतो. मागच्या पट्टीवर 50/60 हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच पुढचा विचार करावा. निर्यातीसाठी बनवलेल्या काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये 230 व्होल्टची जोडणी आतच दिलेली असते. तसा मिळाला तर उत्तम. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घेताना तो अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लिहिलेल्या वॅटपेक्षा भरपूर मोठा घ्यावा, हेही सांगायला हवे, कारण खर्जाचा एकेक ठोका क्षणभर बरीच वीज ओढतो.

शिवाय विमानाच्या सामानात एका बॅगेला सामान्यतः 23 किलोंची मर्यादा असते, म्हणजे स्पीकरसह असलेली पेटी येणार नाही. फार तर सुटे हेड येईल आणि स्पीकरची पेटी तिथल्या सुताराकडून करून घ्यावी लागेल. एवढे करण्यापेक्षा भारतातच कोणाकडे, एखाद्या जुन्या वाद्यवृंदाच्या किंवा साउंडवाल्याच्या गोदामात, 230 व्होल्टचा पीव्ही पडून असेल तर तो शोधावा, असाच सल्ला मी देतो. गोव्यातील वादकांकडे पूर्वी आखाती देशांतून आणलेले साहित्य बरेच असे. तिथली वीजही बहुतेक ठिकाणी 220 ते 240 व्होल्टची आणि पन्नास आवर्तनांची. तिथूनही असा एखादा मिळू शकेल.

पुरवणीत या विषयावर पुढील लेख येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात व्होल्ट आणि आवर्तनांविषयीची ही सूचना ठळकपणे छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गणेशोत्सवापूर्वी अनेक मंडळे साहित्याची जमवाजमव करतात आणि त्या घाईत परदेशातून आलेला अ‍ॅम्प्लिफायर कोणीतरी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून मोकळा होतो.

आपला नम्र,
एक बेसवादक वाचक,
अटलांटा, जॉर्जिया