संरक्षणमंत्री साहेब, चीता हेलिकॉप्टर कधी थांबवणार त्याची तारीख सांगा

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली

जय हिंद साहेब,

मी सोलापूरचा, विजापूर रोडला राहतो. फौजेत हेलिकॉप्टर टेक्निशियन होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो. अख्खी सर्व्हिस चीता आणि चेतक या दोन मशीनवर गेली. पोरगाही त्याच ट्रेडमध्ये गेला. त्याचं पहिलं पोस्टिंग झालं तेव्हा रात्री फोन करून म्हणाला, आप्पा, इथल्या एका चीताच्या जुन्या लॉगबुकात तुमची सही हाय. तेव्हा आम्हाला दोघांनाही अभिमान वाटला होता. आज तेच आठवलं की अंगावर काटा येतो, कारण बाप रिटायर झाला, पोरगा भरती झाला, आणि मशीन तेच.

पहाडात (जागा लिहीत नाही, तेवढी शिस्त अजून आहे) त्याच्या हेलिकॉप्टरची पॉवर गेली. पायलट साहेबांनी ऑटोरोटेशन करून, म्हणजे इंजिनाशिवाय नुसत्या हवेवर पंखा फिरता ठेवून, खाली आणलं म्हणून दोघं जिवंत राहिले, त्या साहेबांचे पाय धुऊन पाणी प्यायला मी तयार आहे. पण आदळलं ते आदळलंच. पोराच्या कमरेचे दोन मणके दबले. आता घरी पट्टा बांधून पडलाय. नात दोन वर्षांची, उचल म्हणून पायाला मिठी मारते, आणि डॉक्टरांनी त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलंय. मेडिकल बोर्डानं फिटनेसची कॅटेगरी खाली आणली, म्हणजे प्रमोशन लटकलं. मशीनला नेमकं काय झालं ते तरी कळवा म्हणून मी अर्ज केला होता, त्याचं उत्तर या आठवड्यात एका कार्यालयातून आलं. दोन ओळी. माहिती देता येत नाही. ज्या माणसानं तीच मशीन खोलली आणि जोडली त्या माणसाला तुम्ही सांगता माहिती देता येत नाही!

तेव्हा मीच तुम्हाला थोडी माहिती देतो. चेतक म्हणजे फ्रान्सची अलूएत-३. आपल्या सरकारी विमान कंपनीनं, एचएएलनं, लायसन्स घेतलं १९६२ साली. चीता म्हणजे त्यांचीच लामा, तिचा करार १९७० चा. मशीन वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. १९८४ ला सियाचिनवर आपली माणसं चढली तेव्हापासून वरच्या पोस्टवर रॉकेल, रेशन, औषध, चिठ्ठ्या सगळं चीतानं नेलं आणि जखमी पोरं खाली आणली, तेवढ्या उंचीवर जाणारं दुसरं काही नव्हतंच. वर इंजिन बंद करायचं नाही, बंद केलं तर परत सुरू होईल याची गॅरंटी नाही, म्हणून पंखा फिरत असतानाच सामान ओढून काढायचं. आणि खाली बेसला पहाटे टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आम्ही शेपटीच्या नळ्यांचा सांगाडा तपासायचो. चीताची शेपटी उघडी असते, नुसत्या वेल्ड केलेल्या नळ्या, एकेका जॉइंटला बारीक तडा गेलाय का ते बघायचं. ग्लोव्हज घालून बोटाला काही कळत नाही म्हणून ग्लोव्हज काढायचे आणि थंडीत कातडी लोखंडाला चिकटायची. मग इंजिनाचा मॅग्नेटिक प्लग काढून त्याला धातूचा कीस चिकटलाय का ते बघायचं, तेल बोटांत चोळून बघायचं. एवढं करून पायलट साहेबांना अंगठा दाखवायचा आणि ते परत येईपर्यंत आकाशाकडे कान लावून बसायचं. माझा पोरगा हेच करत होता. तुम्ही आत्मनिर्भरतेचं भाषण करता तेव्हा तिकडं पहाटे कुणीतरी आरसा घेऊन तडे शोधत असतं, एवढं लक्षात ठेवा साहेब.

आमच्या अशोक चौकातल्या जुन्या यंत्रमागासारखं झालंय हे, पार्ट मिळत नाही म्हणून एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं आणि चालवत राहायचं. फरक एवढाच की माग बंद पडला तर कापड अडतं, खाली कोणी पडत नाही.

या मशीनमध्ये काय नाही ते ऐका. ऑटोपायलट नाही. वेदर रडार नाही. डोंगर जवळ आला म्हणून ओरडून सांगणारी सिस्टीम नाही. ढगात शिरलं की पायलटचे डोळे आणि नशीब. सोलापुरात साध्या बाईकवर मॅप दिसतो आणि सीमेवर उडणाऱ्या माणसानं गुडघ्यावर नकाशा ठेवायचा. ऑक्टोबर २०२२ ला तवांगजवळ चीता पडलं, एक लेफ्टनंट कर्नल गेले. मार्च २०२३ ला अरुणाचलमध्येच मंडाला भागात पडलं, दोन्ही पायलट गेले. २०१४ ला बरेलीत पडलं, तीन अधिकारी गेले, आणि त्यानंतर लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका एकत्र येऊन तेव्हाचे संरक्षणमंत्री पर्रीकर साहेबांपर्यंत गेल्या की हे उडणं थांबवा. नवऱ्याच्या जिवासाठी बायकांना दिल्लीत दारं ठोठवावी लागली. त्याला दहा वर्षं होऊन गेली. चेतकच्या मूळ देशाचं सांगायचं तर फ्रान्सच्या नौदलानं त्यांच्या शेवटच्या अलूएत-३ ला २०२२ मध्येच निरोप दिला.

आणि आपण काय केलं? १९७ हलकी हेलिकॉप्टर घ्यायची म्हणून टेंडर काढलं, ते २००७ मध्ये रद्द. परत काढलं, ट्रायल घेतल्या, ते २०१४ मध्ये रद्द. मग २०१५ मध्ये रशियाशी कामोव्हचा करार, २०० हेलिकॉप्टर, मोठी बातमी, मोठे फोटो. आलं का एक तरी? किंमत जमेना, इथं किती भाग बनवायचे ते जमेना. एचएएलचं स्वतःचं नवं हलकं हेलिकॉप्टर, एलयूएच, सप्टेंबर २०१६ ला पहिल्यांदा उडलं, आमच्या ट्रेडच्या सगळ्या माणसांनी व्हिडिओ एकमेकांना पाठवले, म्हटलं आता सुटलो. कर्नाटकात तुमकुरूला ६१५ एकरांचा कारखाना काढला, फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन, वर्षाला आधी ३०, मग ६०, मग ९० हेलिकॉप्टर बनवणार म्हणाले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तुमच्याच मंत्रालयानं परत २०० हेलिकॉप्टरसाठी कंपन्यांकडून माहिती मागवली, १२० आर्मीला, ८० एअरफोर्सला. माहिती मागवली! वीस वर्षांत तीन वेळा टेंडर-करार करून झाल्यावर परत पहिल्या पायरीवर उभे, आणि तोपर्यंत पोरांनी काय करायचं?

‘प्रचंड’ या लढाऊ हेलिकॉप्टरचं कौतुक मलाही आहे. मार्च २०२५ मध्ये १५६ प्रचंडचा ६२ हजार कोटींच्या वरचा करार केलात, चांगलं केलं, फौजेला लढाऊ हेलिकॉप्टर पाहिजेच. पण रोज रेशन नेणारं, आजारी जवानाला खाली आणणारं जे हलकं मशीन, त्याचा नंबर शेवटी का लागतो? त्याचा परेडमध्ये फोटो चांगला येत नाही म्हणून? आणि एचएएलच्याच ध्रुव हेलिकॉप्टरचं तर जानेवारी २०२५ ला पोरबंदरला कोस्टगार्डचे तिघं गेले आणि देशातले सगळे ध्रुव जमिनीवर बसवावे लागले, महिनोनमहिने. त्या काळात भार कुणावर आला ते मला विचारा.

व्हीआयपी लोकांसाठी १२ हेलिकॉप्टर घ्यायची होती तेव्हा २०१० मध्ये साडेतीन हजार कोटींचा करार बरोबर झाला होता. त्यात लाचेचं प्रकरण निघालं, करार मोडला, आणि हेलिकॉप्टरच्या फाइलला हात लावायला साहेब लोक घाबरायला लागले. खाल्लं कुणी आणि भोगलं कुणी! सरकार त्यांचं होतं का तुमचं होतं याच्याशी मला देणंघेणं नाही, मी दोघांच्याही काळात ग्रीसनं हात काळे केलेत. निवडणूक आली की आमच्या सोलापुरात नेते दोन इंजिनांच्या चकचकीत हेलिकॉप्टरनं उतरतात. एक इंजिन हा गुन्हा नाही, एलयूएचलाही एकच आहे, उंचीवर वजन कमी लागतं ते मला कळतं. पण ते एक इंजिन नवीन तरी द्या.

आता माझंही थोडं ऐका. इंजिनाच्या आवाजानं माझा डावा कान गेलाय. डिसॅबिलिटी पेन्शनच्या अर्जावर शेरा आला, हे सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. मग कशामुळे झालं, गड्ड्याच्या जत्रेत पिपाणी वाजवून? घराचं कर्ज आहे, पोराला फिजिओला रिक्षानं न्यायचं, बाई रात्री दोनदा उठून त्याचा श्वास चालू आहे का बघते. देशाला काही द्यायला आम्ही कधी मागंपुढं बघितलं नाही. पण या देशात दिलेल्या शब्दाला कोणी बांधीलच नाही. सोलापूरच्या विमानतळाची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली, शेतकऱ्याच्या पंचनाम्याचं तेच, आमच्या पेन्शनचं तेच, हेलिकॉप्टरचं तेच. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, शेऱ्यावर शेरा, आणि उशीर झाला म्हणून आजपर्यंत एका तरी अधिकाऱ्याचा पगार कापला गेलाय का? टेक्निशियनचा एक नट ढिला राहिला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी लागते. टेंडर सात वर्षं ढिलं ठेवणाऱ्याला कुठली इन्क्वायरी?

बातम्या येतात की २०२७ पासून चीता-चेतक हळूहळू काढणार. हळूहळू म्हणजे किती वर्षं, ते संसदेत उभं राहून सांगा, कुठल्या वर्षी किती मशीन थांबणार त्याचा आकडा द्या. एलयूएच तयार असेल तर मोठी ऑर्डर आजच द्या, नसेल तर कुठं अडलंय ते लोकांना सांगा. जी चीता अजून उडणारच आहेत त्यांच्यात डोंगराची वॉर्निंग देणारं यंत्र आणि चांगला मॅप बसवा, त्याला दहा वर्षं लागत नाहीत. आणि अपघातात जखमी झालेल्या टेक्निशियनला चौकशीचा निष्कर्ष लेखी द्या. तो जवान आहे, शत्रू नाही.

उत्तर लेखी पाहिजे, पोचपावती नको. महिन्याभरात आलं नाही तर मेडल लावून इथल्या पूनम गेटसमोर धरणं धरून बसणार आहे, आणि जिल्ह्यातले जेवढे माजी सैनिक येतील तेवढे घेऊन बसणार आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार, सोलापूर