तिला बिळातून उकरून काढू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विदेशी पाळीव प्राण्यांवर लेख आला होता. त्यात टॅरँटुला या मोठ्या, केसाळ कोळ्याची एक चौकट आहे. पिल्लू वर्षभरात तळहाताएवढं होतं, पेटीत माती नावापुरतीच घालावी म्हणजे कोळी सतत दिसत राहतो, आणि दिसेनासा झाला तर उकरून बाहेर काढावा, असं तीत लिहिलंय. आमच्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरी 2010 सालापासून एक टॅरँटुला आहे. ही चौकट वाचून मला राहवलं नाही.

मुलाच्या अकराव्या वाढदिवसाला, त्याच्या हट्टापायी, ती आली. मेक्सिकोची, लाल गुडघ्यांची जात. जन्म मात्र इथलाच, कुणा हौशी माणसाच्या घरातला. गोळ्यांच्या डबीत ओलसर मातीवर बसलेला तो जीव मसुराच्या दाण्याएवढा होता, पाय पसरले तरी जेमतेम एक सेंटीमीटर. सासूबाईंनी नाव ठेवलं सखू. मुलगा पुढे शिकायला गेला, नोकरीला लागला, आणि सखू माझ्याकडे राहिली.

मुलाची एक वही आहे. प्रत्येक कातीची तारीख आणि माप तो त्यात लिहायचा, आता मी लिहिते. पहिल्या वर्षी सखूने पाचदा कात टाकली, तरी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती पायांसकट 4 सेंटीमीटरच होती. सातव्या वर्षी 11. आज 14 आहे आणि कात दीड-दोन वर्षांतून एकदा पडते. ती मादी आहे हे आम्हाला चौथ्या वर्षी कळलं. पडलेली कात कोमट पाण्यात मऊ करून उलगडली की पोटाच्या आतल्या बाजूला मादीची शुक्राणू साठवायची पिशवी दिसते; मुलाने ती भिंगाखाली दाखवली तेव्हा मीच जास्त हरखले होते. या जातीचा नर प्रौढ झाल्यावर फार काळ जगत नाही, मादी मात्र वीस-पंचवीस वर्षं सहज काढते. वर्षभरात तळहाताएवढं होणारं हे जनावर नव्हे.

आता बिळाबद्दल. मी रुग्णालयात परिचारिका होते, रात्रपाळी करून पहाटे घरी यायचे. सखूचं खोदकाम त्याच वेळी चालायचं. जबड्यात मातीची गोळी धरायची, पुढच्या दोन आखूड पायांनी ती खालून सावरायची, मागे मागे सरकत वर यायचं आणि गोळी ठेवून परत खाली. गोळ्या टाकायला तिला पाण्याची वाटीच आवडते. मी वाटी धुऊन ठेवायची, सकाळी ती पुन्हा मातीने भरलेली. बीळ झालं की आतून रेशमाचं अस्तर. मेक्सिकोच्या कोरड्या झुडपी रानात तिचे भाईबंद दगडांखाली, मुळांच्या आडोशाला असेच राहतात. वर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा आणि ओल टिकते. लहान पिल्लं तर महिनोन् महिने वर येत नाहीत. कात टाकायची वेळ आली की सखू बिळाचं तोंड माती आणि रेशमाने लिंपून घेते आणि खाणं सोडते.

हे मला 2016 साली माहीत नव्हतं. नोव्हेंबरात तिने तोंड बंद केलं, फेब्रुवारी संपत आला तरी उघडलं नाही. मुलगा परीक्षेत गुंतलेला. ती मेली असणार असं मनात येऊन मी स्वयंपाकघरातल्या चमच्याने उकरायला घेतलं. काचेच्या बाजूने बोगदा ढासळला. खाली सखू नुकतीच कात टाकून पडली होती. अंग फिकट, ओलसर, आणि एरवी काळेभोर असणारे विषदात पांढरेशुभ्र. त्या दिवसांत त्यांचं शरीर इतकं मऊ असतं की रातकिडासुद्धा त्यांना जखमी करू शकतो. ढेकळाखाली डाव्या बाजूचा एक पाय सापडला आणि मुळातून तुटला. फिकट निळसर थेंब आला. मी उभं आयुष्य जखमा बांधल्या, पण इथे बांधायला काही नव्हतं. माती हाताने हळूच सरकवून पेटीवर अंधार केला आणि बाजूला झाले.

पंधरा महिन्यांनी पुढची कात पडली तेव्हा तिथे काडीसारखा बारका पाय आला. पूर्ण पाय व्हायला त्यानंतरची कात लागली, म्हणजे तीन वर्षांच्या आसपास. चमच्याच्या दोन मिनिटांच्या कामाची ती भरपाई.

ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या अभ्यासिका 1974 पासून टॅरँटुलांच्या नात्यातल्या, झाकणाच्या बिळात राहणाऱ्या कोळ्यांची नोंद ठेवत होत्या. त्यांच्यातली 16 क्रमांकाची मादी 43 वर्षं एकाच बिळात जगली. तेवढं आयुष्य तिला ते बीळ कुणी मोडलं नाही म्हणून लाभलं. 2016 साली ते रिकामं सापडलं, झाकणाला गांधीलमाशीने भोक पाडलेलं होतं.

तुमच्या चौकटीची खरी धास्ती मला भाच्याच्या फोनमुळे वाटली. माझं आजोळ कारवारकडे. तिथे पायवाटेच्या दरडींत रुपयाएवढ्या तोंडाची, रेशमी अस्तराची बिळं आम्ही लहानपणी पाहायचो. उत्तर कन्नडमधल्या या बीळवासी टॅरँटुलांना इंग्रज शास्त्रज्ञ पोकॉक यांनी 1899 साली थ्रिग्मोपिअस असं नाव दिलं. लेख वाचून भाच्याचे मित्र म्हणतायत, बिळात पाणी ओतू आणि पकडून आणू. दरडीतली मोठी मादी म्हणजे कित्येक वर्षांची वाढ असते. ती उचलली तर तिची जागा घ्यायला मसुराएवढ्या पिल्लाला तेवढीच वर्षं लागणार. सखूच्या जातीचं हेच झालं. दुकानांसाठी रानातून इतक्या नेल्या की 1985 साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या जागतिक कराराचं नियंत्रण आणावं लागलं. आपल्याकडचे झाडांच्या ढोलीत राहणारे पोइसिलोथेरिया कोळी 2019 साली त्याच कराराच्या यादीत गेले. 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार यादीतले प्राणी बाळगायचे तर नोंदणीही करावी लागते. याचा एक शब्दही लेखात नाही.

आणखी एक. 'चावा मुंगीसारखा' असं सगळ्याच जातींबद्दल छापलंय. अमेरिका खंडातले बरेचसे टॅरँटुला पोटावरचे खाजरे केस उडवतात आणि सहसा त्यावरच भागवतात. भारतीय जातींकडे ते केस नसतात, त्या चावतात. पोइसिलोथेरियाच्या चाव्याने स्नायूंत पेटके येतात, ते कधी कधी दिवसेंदिवस टिकतात. मुलांच्या हाती जाणाऱ्या पुरवणीत असं लिहिणं धोक्याचं आहे.

सखूने यंदा गणपतीच्या सुमारास बीळ लिंपलं, ते आजही बंद आहे. वाटीतलं पाणी बदलते आणि वहीत तारीख घालते, एवढंच माझं काम. माती कमी घाला आणि कोळी उकरून काढा ही दोन वाक्यं तुम्ही पुढच्या रविवारी, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत मागे घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, लेस्टर