सदतीस शब्दांचं कलम

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पुतणीला अमेरिकेतल्या कॉलेजात पोहण्याच्या जोरावर जायचंय, हे वाचून फार बरं वाटलं. ‘टायटल नाइन’ या शिक्षणातल्या स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धच्या अमेरिकन कायद्याबद्दल विचारलंस, तर आधी पॅट्सी मिंक हे नाव लक्षात ठेव. हवाईच्या, जपानी वंशाच्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण बाईमाणूस म्हणून मेडिकल कॉलेजांनी दारं लावली. मग वकील झाल्या आणि १९६४ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्या.

१९७२ चा हा कायदा एकट्या त्यांचा नव्हे. खासदार एडिथ ग्रीन यांनी सुनावण्या घेतल्या, सिनेटात बर्च बाय यांनी खिंड लढवली. मूळ कलम इंग्रजीत ३७ शब्दांचं: केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणकार्यात कुणाला लिंगावरून वगळायचं नाही. खेळाचं त्यात नावही नाही! तो आला १९७५ च्या नियमांतून, आणि मग रणकंदन झालं. त्या जुलैत नियम बोथट करण्याचा घाट घातला गेला. ऐन मतदानाच्या वेळी मिंक यांना स्वतःच्या मुलीच्या अपघाताची खबर आली, त्या उठून गेल्या आणि त्यांची बाजू एका मतानं पडली. दुसऱ्या दिवशी फेरमतदानात निकाल फिरला. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा फक्त पैसा घेणाऱ्या विभागापुरता ठेवला. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसनं तो पुन्हा सगळ्या संस्थेला लावला.

आता कामाचं. खेळात कॉलेजनं तीनपैकी एका कसोटीला उतरायचं: खेळाडूंत मुलींचा वाटा विद्यार्थिसंख्येतल्या वाट्याइतका, किंवा मुलींचे खेळ सातत्यानं वाढवल्याचा इतिहास, किंवा मुलींची आवड आणि कुवत पूर्ण भागवलेली. पहिली आकड्यांची, म्हणून लबाडीही तिथेच. एकच धावपटू क्रॉस-कंट्री (माळरानावरची शर्यत), इनडोअर ट्रॅक आणि आउटडोअर ट्रॅक अशा संघांत मिळून तीनदा मोजली जाते. मुलींच्या संघाला सराव देणारी मुलंसुद्धा मुलींच्या यादीत चढतात. रोइंगच्या (नाव वल्हवण्याच्या) संघात तर नावं नुसती भरलेली असतात. मुलांची कुस्ती बंद पडली की खापर या कायद्यावर फुटतं. ते मला पटत नाही. संघ बंद करा असं कायदा सांगत नाही, मुलांच्या अमेरिकन फुटबॉलचं बजेट मात्र कुणी कापत नाही.

प्रत्येक कॉलेजचे खेळाडू आणि खर्चाचे आकडे दरवर्षी जाहीर होतात, ते आधी बघा. शिष्यवृत्तीची रक्कम मुलामुलींत खेळाडूंच्या प्रमाणात वाटावी लागते. प्रत्येक संस्थेत टायटल नाइन समन्वयक असतो, त्याचं नाव पुतणीला पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवायला सांग. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयात तक्रार करायची तर एरवी १८० दिवसांची मुदत असते. कॉलेजच्या चौकशीची वाट बघता बघता ती निघून जाऊ शकते.

तुझा,
अनंत