हार्मोन उपचारांविषयी न सांगितली जाणारी गोष्ट

महोदय,

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी माझ्या पतींना दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन सुरू झाले, तेव्हा थकवा, हाडांचा ठिसूळपणा आणि अचानक अंगातून येणाऱ्या वाफा यांविषयी आम्हांला नीट सांगण्यात आले. परंतु कामेच्छा जवळजवळ नाहीशी होऊ शकते, हे मात्र कोणीच बोलले नाही. वास्तविक या उपचाराचा हेतूच टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) अगदी खालच्या पातळीवर आणण्याचा असतो, आणि ज्या संप्रेरकावर कर्करोगाच्या पेशी पोसतात, त्यावरच पुरुषाची इच्छाही अवलंबून असते. शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी या कर्करोगाचा संप्रेरकांशी असलेला संबंध १९४१ मध्ये दाखवून दिला होता. म्हणजे ही गोष्ट काही नवी नाही.

माहिती नसल्यामुळे झाले असे की, ते रात्री भिंतीकडे तोंड करून झोपू लागले आणि मी, आपलेच काही चुकले असावे असे समजून, सात-आठ महिने गप्प राहिले. सिल्डेनाफिलसारखी गोळी ताठरतेला थोडीफार मदत करू शकते, पण इच्छा निर्माण करत नाही, हेही उशिराच कळले. उपचार थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढण्यास अनेक महिने लागू शकतात. काहींच्या बाबतीत ते पूर्ववत होतच नाही. एका तपासणीच्या वेळी अखेर मीच धीर करून विचारले, तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्यांनी माझा हात हातात घेतला.

पहिल्या इंजेक्शनपूर्वीच पती-पत्नींना एकत्र बसवून हे स्पष्टपणे सांगावे, अशी डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक